मैनेचं चौसष्टावं गुणसूत्र

घोडा मोजायचा तर कात्री लागते. नोकरीत असताना हे वाक्य मी पुष्कळांना ऐकवलं आणि पुष्कळांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. लग्न ठरवताना सासरेबुवांनी मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुलगा नक्की करतो काय?" मध्यस्थ म्हणाला, "सरकारी आहे." तेवढ्यावर लग्न जमलं.

नोकरीतल्या आठवणी लिहा, असं या अंकाचं पत्र आलं तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. माझी पत्नी कुमुद फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून दिवसाला चार-पाच ओळींच्या वर हात चालत नाही. पण ही गोष्ट ती घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची, माझी फजिती तिखटमीठ लावून. आता सांगणारं कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो. मीठ कमी पडेल.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात, जनावरांच्या रक्तावर काम करणाऱ्या एका लहानशा सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. आमचे सर, मी, एक सूक्ष्मदर्शक आणि एक गंजका कूलर, एवढा पसारा. काम गुणसूत्रं मोजण्याचं. प्रत्येक प्राण्याच्या पेशीत ही गुणसूत्रं असतात, निम्मी आईकडून आलेली, निम्मी बापाकडून. आणि ती जोडीजोडीनं जमतात. घोड्याला चौसष्ट, म्हणजे बत्तीस जोड्या. गाढवाला बासष्ट. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं तेव्हा आईकडून बत्तीस येतात, बापाकडून एकतीस. बेरीज त्रेसष्ट. हा विषम आकडा आणि ही विजोड मांडणी, यामुळेच खेचराला पुढं सहसा पिल्लू होत नाही.

सर म्हणायचे, "घोड्याचा इतिहास हाडं खणणाऱ्यांनी लिहिला, पण त्याची एक प्रत घोडा स्वतः रक्तात घेऊन हिंडतो." मंगोलियाकडच्या रानटी घोड्याला सहासष्ट गुणसूत्रं असतात. कधी काळी दोन वेगळी गुणसूत्रं टोकाला टोक लागून एक झाली असावीत आणि तिथून या दोघांच्या वाटा फुटल्या असाव्यात. पण त्या फुटल्या अलीकडेच, कारण या दोघांची संतती पासष्ट गुणसूत्रं घेऊनही वंश चालवते. गाढव मात्र फार आधीच वेगळं झालेलं. थोडक्यात, आम्ही भाऊबंदकी मोजत होतो.

मोजायची रीत अशी. रक्त घ्यायचं, पोषक द्रवात घालून तीन दिवस सदतीस अंशांवर ठेवायचं. पेशी वाढू लागल्या की एका औषधानं त्यांना ऐन विभाजनाच्या वेळी थांबवायचं, फुगवायचं आणि हातभर उंचीवरून काचेवर थेंब सोडायचा. पेशी फुटते, गुणसूत्रं पसरतात. मग रंग द्यायचा, फोटो काढायचा, मोठा छापायचा, आणि त्यातलं एकेक गुणसूत्र कात्रीनं कापून, जोडीला जोड लावून जाड कागदावर चिकटवायचं. दिवसभर हे करून मी घरी गेलो की शर्टाच्या बाहीला घोड्याचे तुकडे लागलेले असत.

गिऱ्हाईक क्वचित यायचं. एकदा एका जुन्या घराण्याचे कारभारी आले. धन्याचा घोडा अस्सल अरबी आहे, तसा दाखला हवा होता. मी मोजून चौसष्ट सांगितले. "आणि टांग्याच्या तट्टाला किती?" "चौसष्टच." कारभारी उठले आणि नमस्कार न करता गेले.

सुखदेव आला तो एका मेच्या सुरुवातीला. पाचपावलीत राहायचा आणि वरातीसाठी घोडी भाड्यानं द्यायचा. घोडीचं नाव मैना. बदामी रंग, शांत डोळे, आणि कान, खरं सांगायचं तर, गरजेपेक्षा थोडे लांब. आठवड्यापूर्वी धंतोलीतल्या एका वरातीत बँडवाल्यांनी एकदम ढोल वाढवले, मैना बिचकली आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. सुरुवात खिंकाळण्याची होती, शेवट भलताच. बँडचा मालक मोतीराम, ज्याचा स्वतःचा पांढरा घोडा त्या मोसमात रिकामा उभा होता, तो भर रस्त्यात ओरडला, "अरे, हे तं खेचर हाये गा!" नवरदेवाचा मामा म्हणाला, "आमचा पोरगा खेचरावर?" नवरदेव उतरला आणि मुंडावळ्या सावरत मांडवापर्यंत पायी गेला. चार दिवसांत तीन घरांनी मैनेला नकार कळवला. दोन वर्षांपूर्वी बाजारातून घेतलेली, दोनदा नर दाखवूनही गाभण न राहिलेली घोडी. लोकांना आणखी काय पुरावा हवा?

"साहेब, मले एक कागद पायजे," सुखदेव म्हणाला. "मैना घोडी हाये असं लिहा. इंग्रजीत लिहा. मराठीत लिहिलं तं लोकं वाचते आन् भांडते."

"मोजावं लागेल."

"मोजा न. उंची मोजा, शेपूट मोजा."

"आतलं मोजावं लागतं."

तो मैनेच्या पुढं आडवा उभा राहिला. "पोट फाडून?"

"दोन चमचे रक्त पुरे."

सर तीन आठवड्यांसाठी दिल्लीला गेले होते. जाताना नेहमीचं वाक्य बोलून गेले होते, "एका पेशीचं ऐकू नकोस. वीस जणींना विचार."

आता नागपूरच्या मेची अडचण. पेशी वाढवायच्या सदतीस अंशांवर, आणि खोलीत पारा त्रेचाळीसच्या वर. आमच्या उबवण्याच्या पेटीला फक्त तापता यायचं. थंड होणं तिच्या शिक्षणातच नव्हतं. शेवटी मी ती बाटली घरी आणली आणि पाण्याच्या बादलीत तापमापकासह उभी केली. तीन दिवस कुमुदनं ती सांभाळली. पारा अडतीसला टेकला की माठातलं अर्धं फुलपात्र पाणी बादलीत घालायची. शेजारच्या मालूताईंनी डोकावून विचारलं, "काय वं, काय भिजत घातलं?"

"घोडी," कुमुद म्हणाली.

एवढं करून पेशी मिळाल्या सातच. त्यातल्या सहांमध्ये गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली, मारबतीच्या मिरवणुकीतल्या गर्दीसारखी. एकच पेशी मोकळी, छान पसरलेली होती. फोटोचा कागदही एकच शिल्लक होता. सुखदेव दररोज दारात येऊन बसत होता, पुढच्या आठवड्यात तीन मुहूर्त होते. मी वीस जणींना विचारलं नाही. एकीचंच ऐकलं.

रविवारी दुपारी घरी जमिनीवर बसून मी कापायला घेतलं. पंखा लावला तर घोडी उडून जाते, म्हणून पंखा बंद. घामानं बोटं ओली. डिंकाची बाटली मार्चमध्येच वाळली होती, म्हणून कुमुदनं वाटीभर कणकेची खळ शिजवून दिली आणि ती गच्चीवर कुरड्या घालायला गेली. दोन तासांनी एकतीस जोड्या चिकटवून झाल्या. शेवटच्या ओळीत एक बारीक तुकडा उरला, तांदळाच्या कणीएवढा. त्याला जोड सापडेना.

एकतीस दुणे बासष्ट आणि एक. त्रेसष्ट. मी तीनदा मोजलं, त्रेसष्टच. कागद तीनदा मोजला. सूक्ष्मदर्शकाखाली काच पुन्हा मोजावी हे सुचलं नाही. सरकारी माणसाचा कागदावर विश्वास लवकर बसतो.

सोमवारी मी पत्र टंकलं: सदर जनावराची गुणसूत्रं त्रेसष्ट असून ते खेचर असल्याचं दिसतं. खाली सरांचं नाव, त्यावर "करिता", आणि माझी सही. या "करिता" शब्दाची सत्ता ज्यानं भोगली त्यालाच ठाऊक. पाकीट मी घरून डब्याच्या पिशवीत नेलेल्या खळीनं, बोट वाटीत बुडवून, नीट चिकटवलं.

सुखदेवला तोंडी सांगितलं. त्यानं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "म्हणजे हिचा बाप गधा?"

"हो."

तो मैनेकडे वळला. "दोन वर्सं माह्या हातचं खाल्लं, आन् एका शब्दानं बोलली नाही," असं तिला म्हणाला, पाकीट खिशात घातलं आणि तिला घेऊन उतरणीनं निघून गेला. लगाम त्यानं धरला नव्हता. ती आपोआपच मागून जात होती.

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. कुमुदनं कारण विचारलं आणि तो चिकटवलेला कागद समोर घेऊन बसली. तांदूळ निवडताना बसायची तशी, मान किंचित तिरकी करून.

"खेचर म्हणजे निम्मी माणसं घोड्याकडची, निम्मी गाढवाकडची. बरोबर?"

"माणसं नव्हेत, गुणसूत्रं."

"तेच. आणि गाढवाकडच्यांची ठेवण वेगळी असते, असं तुम्हीच सांगता."

"असते."

"मग इथं सगळी जोडपी एकसारखी कशी? खेचर असतं तर पंगतीत निम्म्याहून अधिक जोडपी विजोड दिसली असती. इथं एकतीस जोडपी सुखानं बसली आहेत आणि हा एकटाच कोपऱ्यात. अहो, हे विजोड लग्न नाही. याची बायको हरवली आहे."

मी कागद पाहिला. अठरा वर्षं शिकून आणि नऊ वर्षं नोकरी करून जे मला दिसायला हवं होतं, ते तिनं तांदळातला खडा टिपावा तसं टिपलं होतं. आम्ही चटई उलटी केली, केरसुणी झटकली, सूप पाखडलं, माझा रविवारचा सदरा उलटा करून शिवणी तपासल्या. मग ती थांबली.

"खळीची वाटी कुठंय?"

"डब्याच्या पिशवीत. ऑफिसात नेली होती."

"कशाला?"

"पाकीट चिकटवायला."

ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदर सोडून म्हणाली, "आणि तो बिचारा?"

मंगळवारी कार्यालय उघडताच मी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, ती पेशी शोधली आणि थेट मोजली. चौसष्ट. दुसऱ्यांदा चौसष्ट. तिसऱ्यांदाही चौसष्ट. अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. कुमुद चपला घालून, तो चिकटवलेला कागद पिशवीत घेऊन तयारच होती. "मीही येते. तुमच्या तोंडून 'चुकलो' निघायला उशीर लागतो, आणि वेळ कमी आहे."

पाचपावलीत सुखदेवची बायको दारात उभी होती. कुमुदला म्हणाली, "ते तं सकाळीच गेले वं बाई, कन्हानले. भट्टीवाल्याले देऊन राह्यले तिले. मोसम तं बुडाला, दुसरं जनावर घ्याचं तं हिले विकाच लागते." आणि डोळे पुसत, "हिले वीट वाहाची सवय नाही वं. हिले तं बँडची सवय."

भट्टीवर जनावर किती टिकतं हे मला माहीत होतं. आम्ही कन्हानची बस पकडली.

नदीकाठच्या भट्टीवर पोचलो तेव्हा बाभळीखाली सौदा रंगात आला होता. मैना मधे उभी. ठेकेदार तिच्या भोवती फिरत होता आणि सुखदेव हातात माझं पाकीट नाचवत होता.

"हे घोडी हाये गा," ठेकेदार म्हणत होता. "मले खेचर पायजे. घोडी दोन महिने नाही टिकत इथं."

"घोडी? अहो मालक, पक्की खेचर! सरकारी कागद हाये. त्रेसष्ट निघाले, त्रेसष्ट!"

"काय त्रेसष्ट?"

"ते मले नाही समजत. पण घोडीले चौसष्ट असते. हिचा बाप गधा होता, हे साहेबानं सही करून देल्लं. इंग्रजीत हाये."

मी पुढं झालो. "सुखदेव, ती घोडी आहे."

"हेच तं मी म्हणून राह्यलो!" ठेकेदार म्हणाला.

सुखदेवनं पाकीट खाली घेतलं. मग त्याचा संताप झाला. "साहेब, काल तुमी म्हणले खेचर, आज म्हणता घोडी. उद्या काय म्हणसान, म्हैस? वरातीवाल्यायले घोडी पायजे होती तवा तुमी खेचर केली. आता याले खेचर पायजे तं घोडी करून राह्यले. मी कोणाच्या दारात जाऊ?"

कुमुद माझ्याकडे बघत नव्हती. नदीकडे बघत होती, मुद्दाम.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "मोजायला चुकलो."

भट्टीवरची माणसं हातातलं काम टाकून जवळ आली होती. कुमुदनं पाकीट मागितलं. ते बाजूनं फाडलेलं होतं, झाकण मात्र जसंच्या तसं बंद. ठेकेदाराच्या मडक्यातलं पाणी घेऊन तिनं ते झाकण भिजवलं, केसातला आकडा काढला आणि हळूच उकललं. आत, वाळलेल्या खळीत, एक काळपट बारीक तुकडा बसला होता. मैनेचं खेचर असल्याचं पत्र आणि तिच्या घोडीपणाचा पुरावा एकाच पाकिटातून पाचपावली ते कन्हान हिंडून आले होते.

"खळ नाही इथं," मी म्हणालो.

सुखदेवच्या फडक्यात बायकोनं बांधून दिलेला भात होता, तसाच न खाल्लेला. कुमुदनं त्यातलं एक शीत घेतलं, बोटानं चुरडलं आणि तो तुकडा त्या एकट्याशेजारी चिकटवला. बाभळीखाली वारा होता, मैनाही मान घालून बघत होती, त्यामुळे तो थोडा तिरपा लागला.

"मोजा आता," ती सुखदेवला म्हणाली.

सुखदेवनं बोट न लावता मोजलं. मग ठेकेदारानं मोजलं. मग भट्टीवरच्या सगळ्यांनी मोठ्यानं मोजलं आणि "चौसष्ट!" असा गलका झाला. गलक्यानं मैना बिचकली आणि तिनं तोच आवाज काढला, पुढून खिंकाळणं आणि मागून भलतंच.

ठेकेदार म्हणाला, "आता मात्र मले शंका येऊन राह्यली."

"गप गा," सुखदेव म्हणाला आणि मैनेचा लगाम हातात घेतला. मग फडकं सोडून तिथंच भात खायला बसला.

सर परत आल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी एकच शब्द विचारला, "वीस?" मी खाली मान घालून म्हणालो, "एक." त्या दिवसापासून माझं "करिता" फक्त रजेच्या अर्जावर चालू लागलं. थंडी पडल्यावर आम्ही मैनेचं रक्त पुन्हा घेतलं आणि वीस पेशी मोजल्या. विसांनीही चौसष्टच सांगितलं. पण सुखदेवला त्या नव्या कागदाचं कौतुक नव्हतं. त्यानं आमचा तो चिकटवलेला कागद मागून घेतला, काचेत मढवला आणि घोडी ठरवायला आलेल्या प्रत्येक वरपक्षापुढं धरून म्हणायचा, "मोजा." लोक मोजायचे. कंटाळून साठाच्या आसपास मान्य करायचे.

ही बातमी पसरल्यावर आमच्या दारात घोड्यांची रांग लागली. मोतीरामही पांढरा घोडा घेऊन आला. चौसष्ट सांगितल्यावर त्याचं तोंड उतरलं. "त्याच्या बदामीले चौसष्ट, तं माह्या पांढऱ्याले सत्तर तरी असन. पुन्हा पाहा न, साहेब." पुढल्या वर्षी मैनेला शिंगरू झालं. सुखदेव पेढे घेऊन आला आणि सौजन्यानं म्हणाला, "आता तुमच्या कागदाची गरज नाही, पण राहू द्या भिंतीवर."

निवृत्तीनंतर घोड्यांवरच्या नव्या शोधांचं जे हाती लागेल ते मी कुमुदला वाचून दाखवायचो. मोजणीच्या पुढं जाऊन आता गुणसूत्रांच्या आतला मजकूरच वाचतात. त्यातून दिसतं की पाळीव घोड्यांच्या आया निरनिराळ्या कळपांतून, पुष्कळ ठिकाणांहून आलेल्या. बापांच्या शाखा मात्र मोजक्याच. माणसानं घोड्या दिसतील तिथून आणल्या आणि नर थोडेच राखले. कुमुद ऐकून म्हणाली, "म्हणजे मांडव गावोगाव आणि नवरदेव तोच." सर असते तर हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं असतं.

ती गेल्यावर तेराव्या दिवशी सुखदेव आला. पार वाकला आहे. मैना जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि त्याच्या गल्लीतले नवरदेव आता मोटारीतून उतरतात. त्यानं काखेतलं फडकं सोडून ती तसबीर काढली. कागद पिवळा पडला आहे. "बाईच्या हातचं हाये साहेब, तुमच्याजवळ असू द्या," म्हणाला. चहा घेतला नाही. जाताना दारात थांबून विचारलं, "जेवता न टाइमावर?"

तसबीर मी टेबलासमोर लावली आहे. लिहिता लिहिता अडलो की मोजतो. त्रेसष्ट तुकडे माझे आहेत, एकूण एक सरळ रेषेत. शेवटच्या ओळीतला शेवटचा तिरपा आहे. सगळ्यांची खळ वाळून कडा सुटू लागल्या आहेत. ते शीत मात्र अजून धरून आहे.